दारातल्या मेंढ्या

कॉलेजातनं घर बघायला आलेल्या साहेबांना पल्लवीच्या आबाचा रामराम.

नातीची फी कॉलेजनं माफ केली, लय उपकार झाले. राहिला सांगलीतला होस्टेल आणि मेसचा खर्च. तोही कॉलेजनं उचलावा का, हे ठरवायला तुमी आलात. दारात दीडशे मेंढ्या बघून विचारलंत, "आजोबा, कुणाच्या ह्या?" मी म्हणालो, "घरच्याच की."

साहेब, त्यातली माझी एकबी न्हाई. धाकट्या भावानं, अर्जुनानं, खतासाठी माझ्या दारापुढच्या रानात बसवल्यात. तुमी विचारलंत तवा तो शेजारीच चहा पीत होता. भावाचा कळप दारात असताना परका म्हणायची आमच्यात रीत न्हाई. तुमी कागदावर दीडशे मेंढ्या माझ्या नावावर लिहून घेतल्यात, आता पोरीला मदत कशी मिळायची? आठ दिसांनी मदतीची यादी लागणार. पल्लवीनं फोनवर विचारलं, "आबा, नीट सांगितलंत न्हवं?" मी व्हय म्हणालो.

इतकं लिहिलं आणि अर्जुना जवळ येऊन बसला. सगळं वाचून दाखवायला लावलं. म्हणाला, "फाड ते, दादा. घरच्या म्हणालास न्हवं? मग पोरीसाठी वीस इकू."

त्याच्याबी दोन लेकी शिकायच्यात, साहेब. पत्र फाडवत न्हाई, आणि त्याच्या देखत पेटीत टाकवतबी न्हाई.

पल्लवीचा आबा,
तानाजी