दुसऱ्याच्या गाडीची पूजा

पप्पा, आज दुपारी आईने माझ्या फोनमधला एक फोटो पाहिला. राखाडी रंगाची छोटी गाडी, तिच्या दाराशी मी, आणि माझ्या हातात किल्ली. आई स्वयंपाकघरात रवा, तूप आणि साखरेचा दराबा फेटत बसली होती. तुपाने माखलेला हात तिने परातीवर तसाच धरला, कोपराने फोन स्वतःकडे सरकवला आणि विचारलं, "ही कोणाची गं गाडी?" तिच्या विचारण्यात कुतूहलापेक्षा काळजी अधिक होती, परक्याच्या गाडीला टेकून फोटो काढला म्हणून कुणी रागावलं तर, एवढीच काळजी. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं. तुमच्या भिंतीवरच्या फोटोशी बोलण्याची सवय आईला आहे, मला नाही. मला लिहूनच बोलता येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून लिहिते आहे.

मी आता शारजात असते, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. म्हणजे त्याच शहरात, जिथे तुम्ही माझ्या बालपणाची सगळी वर्षं काढलीत. सध्या रजेवर राजपुऱ्यातल्या घरी आले आहे, आईला सोबत घेऊन जाण्यासाठी. तिची बॅग भरून झाली आहे. फक्त दराबा व्हायचा आहे, आणि तो तिकडच्या लोकांसाठी न्यायचाच, हा तिचा तुमच्या काळापासूनचा नेम आहे.

तुमच्या दर सुट्टीत मी एक वाक्य ऐकलं आहे: परक्या माणसाला तिथे गाडी घेता येत नाही. ते पहिल्यांदा ऐकलं तो दिवस मला अजून दिसतो. आईचा पासपोर्ट नुकताच आला आहे. त्यासाठी तिने हिरवी साडी नेसून फोटो काढून घेतला होता, आणि स्टुडिओवाल्याने कान दिसू द्या म्हटलं म्हणून केस मागे घट्ट ओढून बांधले होते. तुम्ही ओसरीवर केळ्याचे वेफर खात बसला आहात आणि ती पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहते.

"पासपोर्ट तं आला माझा. आता?"

"पासपोर्टनं काय होतं? परक्या माणसाले तिथं गाडी घेता येत नाही. पन्नास डिग्रीचं ऊन. पोरीले घेऊन कुठं कुठं उभी राहशील तू?"

"छत्री घेईन की."

"छत्री वितळते तिथं."

तुम्ही हसलात, मीही हसले. आई हसली नाही, पण तिला पटलं. तो पासपोर्ट कपाटात तिच्या शालूखाली गेला आणि तिथेच त्याची मुदत संपली. पुढे तुम्ही एका पांढऱ्या गाडीला टेकून काढलेला फोटो पाठवलात, तेव्हा आईने स्वतःहूनच साऱ्या गल्लीला सांगितलं, की ही त्यांच्या साहेबांची गाडी आहे, साहेब मोठा विश्वासाने चालवायला देतो.

दसऱ्याला ती आपल्या जुन्या स्कूटरची पूजा करायची. चाकांवर पाणी, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मग तुमचा फोन आला, की न चुकता विचारायची, "तिकडच्या गाडीले हळदकुंकू लावलं का?" आणि तुम्ही न चुकता म्हणायचात, "दुसऱ्याच्या गाडीची पूजा कशाले करायची? आपण फक्त चालवायचं." हे उत्तर मला किती उदात्त वाटायचं, ते आज लिहितानाही लाज वाटते. ज्यावर आपला हक्क नाही त्याला हात न लावणारा माणूस, असं तुमचं एक चित्र मी त्या उत्तरावरून मनात रेखाटलं होतं.

ते चित्र मी शाळेतही नेलं. सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मी 'परदेशातले माझे वडील' हा विषय निवडला. व्यासपीठाला मी घाबरते, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, पण तुम्ही त्या वर्षी सुट्टीवर होतात, म्हणून मी धीर केला. रोज संध्याकाळी गच्चीवर तुम्ही माझी तयारी करून घेत होतात. भाषणाचा शेवट माझाच होता: "तिथे परक्या माणसाला स्वतःची गाडी घेता येत नाही. माझे वडील म्हणतात, आपण दुसऱ्याची गाडी चालवू. पण आपलं घर मात्र आपल्याच मातीत." तुम्ही ते डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं, तुम्हाला भरून आलं आहे. मग डोळे उघडून म्हणालात, "शेवटी ओरडू नको. 'मातीत' म्हणताना आवाज खाली आण. आवाज खाली आला की ऐकणाऱ्याले खरं वाटतं." मी आवाज खाली आणला. सभागृह शांत झालं आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. मराठी माध्यमाची, बुजरी, पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा ताठ मानेने घरी आली. तुम्ही मला थांबवू शकला असतात, पप्पा. एवढंच म्हणायला हवं होतं, की हा विषय नको, दुसरा घे. तुम्ही मात्र त्या खोट्याला माझ्या तोंडून चांगलं वाजवून घेतलंत.

त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही कायमचे परत आलात आणि वर्षभरातच गेलात. मी दहावीत होते. निकाल लागला तेव्हा पेढा पहिल्यांदा तुमच्या फोटोपुढे ठेवला.

शारजात गेल्यावर पहिली दोन वर्षं मी गाडीचा विचारही केला नाही. घेता येत नाही, हे मला पाठ होतं. दवाखान्यातल्या नर्स आपापल्या गाड्यांतून येत, त्या मला त्यांच्या नवऱ्यांच्या किंवा कुठल्या कंपनीच्या वाटत. रस्त्यावरच्या हजारो गाड्यांतून बसलेली आपल्याकडची माणसं डोळ्यांपुढे असूनही मी तुमच्या वाक्यावर विश्वास ठेवला. मग रात्रपाळ्या सुरू झाल्या, आणि सोबतच्या एकीने हट्टाने मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेलं. आपल्याकडचं लायसन्स तिथे चालत नाही. डावीकडे बसून उजव्या बाजूने चालवायला नव्याने शिकावं लागतं. पहिल्या परीक्षेत नापास झाले, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्यांदा पास झाले आणि एक वापरलेली गाडी ठरवली. नोंदणीच्या खिडकीशी, गाडी माझ्या नावावर करायला कुणाची हमी लागेल, असं मी चाचरत विचारलं, तर आतला पाकिस्तानी माणूस चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला.

"किस की गारंटी, बीबी? आप का रेसिडेन्स कार्ड है, लायसन्स है, इन्शुरन्स है। गाड़ी आप की।"

"यह नियम नया है?"

"नया? मेरे बाल काले थे तब से यही है।" आणि तो आपल्या टकलावरून हात फिरवून हसला.

गाडीच्या मालकीचं छोटं कार्ड मिळालं. त्याला तिथे मुल्किया म्हणतात. त्यावर माझं नाव आहे, आणि त्यापुढे, आपल्या रीतीप्रमाणे, तुमचं. मी ते वाचत वाहनतळावर कितीतरी वेळ उभी राहिले. तुमच्यासारख्या गोदामातल्या कामगारांसाठी काही वेगळं बंधन असेल, अशी तुमच्या बाजूने एक शंका मी तेव्हाही शिल्लक ठेवली होती.

ती शंका तुमच्या मित्राने संपवली. तुमच्या गोदामात तुमच्याबरोबर काम करणारे मलबारी काका, आता त्यांचं टायरचं दुकान आहे. आईने गेल्या खेपेला दिलेला दराबा पोचवायला मी माझ्याच गाडीने गेले. त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि त्यांचे डोळे भरले.

"ये हम लोग तेरे पापा का गाड़ी में बैठ के खाता था. हर जुम्मा, समुंदर के पास. मेरे को गाड़ी चलाना वो ही सिखाया."

"साहब की गाड़ी में?"

"साहब का कैसे? उसका खुद का. सफेद. इतना साफ रखता था, चप्पल बाहर झटको बोलता था." मग ते माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून, बॉनेटवर थाप देऊन, अगदी सहज म्हणाले, "हम कितना बार बोला, फॅमिली को बुलाओ. वो बोलता था, बीवी नहीं आती. गाँव छोड़ने को डरती है."

पप्पा, गाडी लपवलीत, ते मी कदाचित समजून घेतलं असतं. माणसाला एखादी गोष्ट केवळ आपली असावीशी वाटते. एकट्याचं स्वातंत्र्य तुम्हाला गोड लागलं असेल, किंवा आम्ही तिथे आलो असतो तर जे उघड झालं असतं ते काहीतरी असेल. मला ते आता शोधायचं नाही. पण इथे आईला म्हणालात की नियम येऊ देत नाही, आणि तिथे सगळ्यांना म्हणालात की आईच येत नाही. हिरवी साडी नेसून, कान दाखवून फोटो काढलेल्या बाईला तुम्ही भित्री ठरवलंत, आणि तिने फेटलेला दराबा त्याच गाडीत बसून वाटलात.

मी घरी येताना ठरवलं होतं, की आईला सगळं सांगायचं. वाक्यंही मनात रचून ठेवली होती. आज तिने विचारलं, "ही कोणाची गं गाडी?" आणि मी म्हणाले, "माझी."

तिने फोटोवर पुन्हा वाकून पाहिलं. "पण परक्या माणसाले तं..."

मी तिच्याकडे पाहिलं. मग जे म्हणाले ते म्हणाले. ती उठली, हात धुतले आणि तुमच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. "ऐकलं का हो? आता मिळते म्हणे गाडी. थोडं आधी झालं असतं तं तुम्ही कायले ठेवलं असतं आम्हाले इथं." मग तिने बॅग पुन्हा उघडली, दराब्याच्या डब्यासाठी ठेवलेल्या जागेशेजारी हळदकुंकवाची पुडी आणि एक नारळ कपड्यांत गुंडाळून ठेवला. "तुह्या पप्पाले कधी करता आली नाही," ती म्हणाली. "तुही तं स्वतःची आहे. पूजा झालीच पाहिजे."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि आईच्या हाती तर लागू द्यायचंच नाही. उद्या सकाळी फाडून टाकीन. फक्त एक सांगायचं राहिलं. "नियम आत्ताच बदललाय, आई," असं मी म्हणाले तेव्हा शेवटच्या शब्दांवर माझा आवाज आपोआप खाली आला. तिला ते खरं वाटलं.