उशीवरचे वाटाणे

सूनबाई,

रात्रपाळी करून आत्ताच तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. तुझ्या नवऱ्याबरोबर दवाखान्यात निघालो आहे. अकराला ऑपरेशन.

दुपारी खाल्लेले वाटाणे दुसऱ्या सकाळी माझ्या उशीवर अख्खे सापडले, तेव्हा तूच म्हणालीस, "मामंजी, हे पोटात गेलेलेच नाहीत." मी खेकसलो होतो. दवाखान्यात काढलेल्या घशाच्या फोटोत तेच निघालं. वयामुळे घशाखालचा स्नायू वेळेवर सैल होत नाही. मग गिळताना जोर पडून त्याच्या जरा वर आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि तिथं पिशवी होते. विरलेल्या शिवणीतून अस्तर डोकावतं ना, तसं. खाल्लेलं त्या पिशवीत अडकतं आणि झोपेत तोंडातून बाहेर येतं. चाळीस वर्षं लोकांचे कोट दुरुस्त केले, पण स्वतःचा गळा कळला नाही. तोंडातूनच दुर्बीण घालून पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापणार आहेत. बाहेरून टाका नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "हे ओळखलं कुणी?" मी ताठ मानेनं म्हणालो, "आमच्या सुनेनं." बाहेरच्या रांगेनंही ऐकलं.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं मला गिळता येईना आणि दोन वर्षं तुझा स्वयंपाक कोरडा. गल्लीभर सांगत फिरलो. काल इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना खरं काय ते सांगून आलो.

झोप पुरी करूनच ये. दोन दिवस घसा दुखेल, मला उलट बोलता येणार नाही. तुझ्या मनात साठलेलं सगळं तेवढ्यात बोलून घे.

मामंजी