अकराव्या रायफलची संगीन

२ ऑक्टोबर १९७९
वेर्ख्नी लोग गावी पोहोचले. बंदुकांच्या कारखान्याचं संग्रहालय दगडी, दुमजली आहे आणि मागच्या अंगाला मला राहायला खोली. चूल छान तापते, खिडकीतून कामा नदी दिसते. इतिहासाची पदवी घेऊन तीस वर्षं झाली. स्वतःच्या हाताखालचं संग्रहालय आज मिळालं. झाडलोट करणाऱ्या पाशा मावशी कोबीचं सूप घेऊन आल्या. या हाडांना इथली थंडी सोसायची नाही, मुकाट्याने खा, म्हणाल्या. खाल्लं.

५ ऑक्टोबर
भिंतीवर अकरा जुन्या रायफली, प्रत्येकीवर संगीन चढवलेली. येणाजाणाऱ्यांचे कोट अडकतात. मी सगळ्या संगिनी उतरवून वेगळ्या कुलुपाच्या खणात ठेवायला सांगितल्या. संगिनींचा इतिहास वेगळा आहे, तो वेगळाच मांडला पाहिजे. आधी नळीच्या तोंडात खुंटीसारखी ठोकायची सुरी. ती ठोकली की गोळी झाडता येत नसे. मग नळीवर बाहेरून बसणारं कडं आलं. आमची त्याच घराण्यातली: चार धारांची, लांब, बारीक. टोक मात्र अणकुचीदार नाही, स्क्रूड्रायव्हरसारखं चपटं. शिपाई त्यानेच रायफल उघडून साफ करत. हिला म्यान कधी दिलंच नाही, कारण ती उतरवायचीच नव्हती. हे सगळं मी कार्डावर नीट लिहिलं.

राखणदार येफीम सवेलिच चाळीस वर्षं कारखान्याच्या नेमबाजी मैदानावर होते. त्यांना हे अजिबात पटलं नाही. प्राध्यापकबाई, म्हणाले, प्रत्येक रायफलचा नेम तिच्या संगिनीसकट बसवलाय, दोघींवर एकच आकडा ठोकलाय. संगीन काढली की गोळी बाजूला जाते. आणि संगीन कुठे जाते ते विचारू नका. पाशा मावशी हसल्या: बाई लग्न झालेल्यांना वेगळ्या खोल्या देतायत! मी दोघांनाही कामाला लावलं.

९ ऑक्टोबर
प्रांताच्या संग्रहालयाला एक रायफल हवी होती. आतली रचना दिसावी म्हणून ती उभी कापणार आहेत. अकरा असताना एकीने काय बिघडतं? अकरावी पाठवली, परवानगीवर सही केली. तिची संगीन खणातच राहिली. येफीम सवेलिच ट्रकपर्यंत तिच्यासोबत गेले.

१६ ऑक्टोबर
सकाळी काचेच्या कपाटाचे चारही स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवलेले. काच नुसती टेकलेली. चोरीला काही गेलं नाही. हा खोडसाळपणा कुणाचा हे मला कळतं.

१९ ऑक्टोबर
आज घड्याळाची पाठ उघडी, पाशा मावशींच्या शिवणयंत्राचं झाकण उघडं, माझ्या टाइपरायटरचे सुटे भाग टेबलावर. सगळं ओळीने. येफीम सवेलिचना विचारलं. त्यांनी हात पुढे केले. बोटं संधिवाताने वाकलेली. या हातांनी मला चमचा धरवत नाही, म्हणाले. हात वाकडे असले म्हणून मन सरळ होत नाही, असं मी त्यांना सुनावलं.

२३ ऑक्टोबर
कारखान्याच्या संचालकांकडे लेखी तक्रार केली. येफीम सवेलिचना काढलं. किल्ल्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या, एकेक मोजून. जाताना एवढंच म्हणाले की रायफल कापायच्या आत परत मागवा. मला ती धमकी वाटली. अजूनही वाटते.

२६ ऑक्टोबर
तो माणूस मुलीकडे, चाळीस किलोमीटरवर आहे. मी फोन करून खात्री केली.
तरी आज संगिनींच्या खणाचं कुलूप खाली पडलेलं. ते आतून स्क्रूने बसवलेलं आहे. आतून. खणात दहा संगिनी. अकरावी सापडली टाइपरायटरपाशी. पाशा मावशींवर संशय घेतला. त्यांनी झाडू माझ्या पायाशी टाकला, वीस वर्षांत असलं कुणी ऐकवलं नव्हतं म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

२८ ऑक्टोबर
स्क्रूंच्या खाचा बघितल्या. ओरखडे साध्या स्क्रूड्रायव्हरचे नाहीत. कार्ड काढून माझंच अक्षर वाचलं — टोक चपटं, रायफल उघडण्यासाठी.
संगीन दोरीने बांधून लोखंडी पेटीत घातली. प्रांताला तार केली: कापू नका, रायफल परत पाठवा.

३० ऑक्टोबर
चष्म्याची दांडी गळून पडली. बारीकसा स्क्रू उशीवर होता. तो खाचेतून कुणी आणि कसा — ते टोक त्यात मावणारच नाही. उशीवर, माझ्या गालाशी.
पेटीची बिजागरी सुटलेली. दोरी तशीच, गाठीसकट; संगीन तिच्यातून निसटून पेटीशेजारी. पुन्हा आत घातली.

३१ ऑक्टोबर
बसने येफीम सवेलिचकडे गेले. माफी मागितली. हे मला सोपं गेलं नाही. त्यांनी चहा दिला, चिडले नाहीत. म्हणाले, ती रागावलेली नाही हो, शोधतेय. बंदूक उघडायला शिकवलंय तिला, दुसरं काही येत नाही. मिळेल ते उघडून आत बघते, आपली आहे का म्हणून. रायफल आली की पुन्हा चढवा, गप्प बसेल. नाही आली तर? तर मला लगेच फोन करा, म्हणाले, मी येतो.

२ नोव्हेंबर
तार आली. रायफल बारा तारखेलाच कापली. मधोमध, दोन्ही भाग सुरेख निघाले. सहकार्याबद्दल माझे आभार मानलेत.
बारा तारखेला. परवानगीवर सही माझी —

३ नोव्हेंबर, सकाळ
गळ्याच्या हाडाखाली दोन खुणा. आडव्या, चपट्या, नखाएवढ्या. दुखत नाहीत. कडेची कातडी किंचित पिळल्यासारखी, एकाच दिशेने.
संगीन पेटीत नाही. खणात नाही. कुठेच —

दुपार
खोलीला आतून कडी. टेबल दाराला लावलंय. येफीम सवेलिच बसने यायला निघालेत, तीनपर्यंत पोहोचतील. तोवर तग धरायचा. झोपायचं नाही.

अडीच
वरच्या बिजागरीचा स्क्रू पडला. आणखी एक. टेबलावरून घरंगळत जाऊन दुसऱ्यांच्या शेजारी थांबतात, ओळीत. दाराकडून नजर काढत नाही —

दार सुटलं. टेबलावर रेलून उभं आहे. बाहेर कुणी नाही. जिना रिकामा. कुणी आत आलं नाही —
बिजागऱ्यांचे स्क्रू खोलीच्या बाजूला असतात. ती आधीपासूनच —
हाडापाशी काहीतरी थंड. फिरतंय. दुखत नाही. सैल होतंय, सै