दिराला बाहेर काढा

३ नोव्हेंबर, सोमवार

हजार! पंधरा तारखेच्या शनिवारी पुरवणीत माझं हजारावं शब्दकोडं येणार. संपादकांनी आज स्वतः खुर्ची पुढे सरकवली — एकोणीस वर्षांत प्रथमच! निवडक कोड्यांचं पुस्तक काढताहेत. म्हणाले, "प्रस्तावना मालकांच्या मेव्हण्यांची घेऊ." मेव्हण्यांचा शब्दांशी संबंध भाषणापुरता, तोही दुसऱ्यानं लिहिलेल्या. मी म्हटलं, प्रस्तावना ‘त्रस्त’ची. ते हसले. "सोमवारी सतरा तारखेपर्यंत आणा. नाहीतर मेव्हणे."

‘त्रस्त’ म्हणजे एकोणीस वर्षं दर चुकीला कार्यालयात कार्ड धाडणारा वाचक. लाल शाई, छापल्यासारखं अक्षर, खाली सही — ‘त्रस्त’. ना नाव, ना पत्ता. माझं प्रत्येक कोडं सोडवलेला हा एकच माणूस. कुणी खडूस निवृत्त मास्तर असणार. आणायचा कुठून?

५ नोव्हेंबर, बुधवार

जुनी कात्रणं काढली. जेवणाचं टेबल भरलं. नवरोजी ताट मांडीवर घेऊन जेवले.

‘दाढदुखी’ अजून आवडतं. दाढ काढली त्या आठवड्यातलं. सगळ्या उत्तरांतला ‘दा’ उपटून टाकला होता — ‘फायदा’चा ‘फाय’, ‘मैदान’चा ‘मैन’. वाचकांनी फोन करून कार्यालयाला भंडावलं. दंतवैद्यानं मात्र ते दवाखान्यात लावलं!

आणि ‘इकडून तिकडून’. उलटं वाचा, सुलटं वाचा, उत्तर तेच : कडक, नवीन, समास, सरस. जुन्या संपादकांच्या निरोपासाठी रचलेलं. त्यांनाही कुठूनही विचारा, उत्तर एकच — ‘बघू’. त्यांनी कौतुक समजून फ्रेम केली!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यांत लाडकं : ‘गोतावळा’. प्रत्येक शब्दात एक नातेवाईक लपलेला. काकाकुवात काका, ताईतात ताई, आजीवनमध्ये आजी, भाऊगर्दीत भाऊ, कसूनमध्ये सून. वरवंट्यात वर — नवरोजी दोन दिवस बोलले नव्हते. सासू मात्र एकाही शब्दात मावेना. शेवटी तिला मधोमध एकटीला बसवलं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मधोमध बसवलंस ते बरं केलंस. पण चारी बाजूंनी काळे चौकोन कशाला गं?"

आणि दीर! दीर घातला मंदिरात. म्हणजे ‘मंदीर’ असं लिहून. उत्साह, दुसरं काय. बुधवारी कार्ड हजर : "मंदिरातला ‘दि’ ऱ्हस्व. दिराला बाहेर काढा. — त्रस्त."

तेव्हा रडले होते. आज हसून ठसका लागला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं!! एक जुनं कार्ड : "आजच्या कोड्यात कर्णावर तिरकं वाचल्यास ‘हा हा हा’ येते. हेतू कळला नाही." म्हणजे हा प्राणी कोडं तिरकंही वाचतो! जगात दुसरं कोण वाचतं?

मग आमंत्रण तिरकंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झालं! अकरा बाय अकरा. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकही काळा चौकोन मध्ये न येता : र-वि-वा-री-चा-र-ला-च-हा-ला-या. मोजून अकरा घरं! पाच दिवस घासले. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ शब्दकोशात दोनदा पाहिला. मीच माझी पाठ थोपटली, हात पोचला तिथपर्यंत.

सासूबाई गुडघ्यांसाठी कोपऱ्यापर्यंतची फेरी मारून आल्या. "इतकी नाचतेस कशानं?" म्हटलं, उगाच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

छापून आलं. एकही चूक नाही. सासूबाईंनी नेहमीसारखं पेन्सिलीनं सोडवलं, नेहमीसारखं म्हणाल्या, "ठीक आहे."

कार्यालयात फोनवर फोन. संपादक खूश. मी रस्त्यानं अशी चालले की फुलवाल्यानं विचारलं, "लॉटरी का ताई?"

दुपारी भांडी घासताना हातातलं पातेलं सुटलं.

पत्ता! वार दिला, वेळ दिली — पत्ता दिलाच नाही! कुठे यायचं त्यानं? शब्दकोश दोनदा पाहिला, आणि अक्कल एकदाही नाही!

नवरोजी म्हणाले, "आता मेव्हण्यांचं नाव तरी ऱ्हस्व-दीर्घ बघून लिही."

१६ नोव्हेंबर, रविवार

तरी चार कप काढून ठेवले. चारला दारावर कुणी नाही. चार वाजून पाच मिनिटांनीही नाही. खिडकीतून फक्त कोपऱ्यावरची टपालपेटी दिसत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. सासूबाई. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून, हातात लाल पेन. येऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या.

"पत्ता नव्हता," म्हणाल्या. "पण मला ठाऊक होता."

मी ‘दिराला बाहेर काढा’चं कार्ड आणून त्यांच्यापुढे धरलं.

"डाव्या हातानं लिहायचे. तोंडावर सांगितलं असतं तर भांडण झालं असतं गं. कार्डावर सांगितलं, तर कोडी सुधारली." मग कप पुढे सरकवला. "प्रस्तावना लिहीन. पण आधी त्या सासूभोवतीचे काळे चौकोन काढ."