चढावर साहेब

९ एप्रिल
प्रेमानंदमामाचा पाय मोडला. आमच्याच कारखान्याची नवी इलेक्ट्रिक तीनचाकी तो ड्रायव्हर म्हणून चाचणीसाठी जानेफळ रस्त्यावर घेऊन गेला होता. चढावर मोटरची ताकद गेली, भरलेली गाडी मागे घसरून उलटली. आमचे मॅनेजर दीपकसाहेब म्हणतात, ड्रायव्हरची चूक.
मामाची चूक!

१० एप्रिल
मार्चमध्येच दाखवलं होतं दीपकसाहेबांना. इंजिनिअर म्हणून मी आख्खी गाडी आधी लॅपटॉपवर बांधली आहे — मोटर, बॅटरी, वजन, चढ, सगळं आकड्यांत. त्या मॉडेलमध्येही मोटर तापली की चढावर दम सोडते. "तू मले व्हिडिओ गेम दाखवून राह्यली का?" सगळ्यांसमोर हसले.

१४ एप्रिल
जयंती. मामा पडल्या पडल्या मिरवणुकीचे ढोल ऐकत होता. काल दीपकने त्याला कामावरून काढलं.
दीपकला सोडणार नाही.

२२ एप्रिल
दोष सापडला. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर ती थंडच आहे असं धरून हिशेब करतो. तो हिशेब तापमानाप्रमाणे बदलायला लावला — मॉडेलमधली गाडी भर उन्हात चढून गेली. त्यावरून नवा कोडही काढला. कंट्रोलरमध्ये भरायचा तेवढा राहिला.
भरणार नाही. कोणाला सांगणारही नाही.

२ मे
सोमवारी अकोल्याचे डीलर गाडी बघायला येणार. बैठकीत गोड आवाजात म्हटलं, "साहेब, चूक ड्रायव्हरची होती ना? मग तुम्हीच चालवून दाखवा." मालक भगवंतराव म्हणाले, "बरोबर बोलली पोरगी."
दीपकचं तोंड बघण्यासारखं झालं. जेवण गोड लागलं आज.

५ मे
रणरणतं ऊन. सिमेंटच्या गोण्या मी उभं राहून भरून घेतल्या. आधी सपाटीवर चार फेऱ्या मारायला लावल्या — मोटर तापावी म्हणून. अर्ध्या चढावर गाडी थांबली. मग मागे आली. लोक धावले. मी जागची हलले नाही.
दीपकचा हात मोडला, दोन बरगड्या गेल्या. डीलरांसमोर!
आता म्हण, ड्रायव्हरची चूक.

६ मे
मामाला सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "गाडी मांगं येईन, हे तुले मालूम होतं?"
"हाव. दुरुस्तीही तयार होती."
 मामा कुबड्या ओढून उठला.
"कुठं चालला?"
"दवाखान्यात. दीपकले पाहाले."
मी चप्पल घातली. "तू नको येऊ," म्हणाला.