कलम एकेचाळीस

३ मार्च
मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, ऑफिसात आल्या होत्या. मास्तरांना जाऊन परवा महिना झाला. म्हणाल्या, यांचं ते लिखाण एकदा पुस्तकासारखं हातात धरायचंय. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार — या कामातलं सगळं मला मास्तरांनीच शिकवलं.

४ मार्च
मास्तरांची तऱ्हाच न्यारी. प्रोग्राम आणि तो असा का, याची गोष्ट — दोन्ही एकाच फाइलमध्ये, क्रमांक घातलेल्या कलमांत. एक कमांड दिली की यंत्रासाठी प्रोग्राम निघतो, दुसरी दिली की माणसांसाठी छापील पानं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काचपेटी. तिची ऊब सांभाळणारा हा प्रोग्राम. "वाचणाऱ्या, इथे जरा थांब," असं मध्येच लिहितात. लिहायचे. दोन पानं वाचली आणि मागे कुणी खाकरल्यासारखं वाटलं.

६ मार्च
समास जुळेनात. कोडच्या ओळी पानाबाहेर पळतात. दिवस फुकट.

७ मार्च
कलम ४१ आलं. 'पेटी फार तापली तर हीटर बंद.' प्रत्येक कलम कुठे वापरलंय ते त्याच्याखाली आपोआप छापलं जातं. याच्याखाली — 'कुठेही वापरलेले नाही.' म्हणजे पुस्तकात आहे, यंत्रात नाही. यापायीच तीन वर्षांपूर्वी पेटी तापून आतलं एक बाळ गेलं. चौकशीत ठरलं, मास्तर जोडायला विसरले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, नोकरी सोडली. मी त्याच खोलीत होते.

९ मार्च
जुनी आवृत्ती छापून पाहिली. का, कोण जाणे. कलम ४१ खाली — 'वापर: कलम १२.'
जोडलं होतं त्यांनी!

१० मार्च
बदलांची नोंद काढली. कलम १२ मधली ती ओळ अपघाताच्या पाच आठवडे आधी गेली. काढणाऱ्याचं नाव — माझं. चाचणीत हीटर सारखा बंद पडायचा, म्हणून तात्पुरती काढली. परत घालायची राहिली. आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं?
ताट तसंच ठेवून उठले. नवरा विचारतो, बरं नाही का. ऑफिसात मास्तरांच्या जुन्या खुर्चीकडे पाठ करून बसले, तर पाठीलाच डोळे फुटले.

१२ मार्च
वरिष्ठांना लेखी दिलं. चूक मास्तरांची नाही, माझी. खाली सही केली, तारीख घातली.

१३ मार्च
काकूंना पुस्तक दिलं, सगळं सांगितलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "ठाऊक होतं त्यांना. ती आपणहून येऊन सांगेल, म्हणायचे. शेवटपर्यंत दार वाजलं की विचारायचे — ती आलीय का?"