दारातलं नाव

६ जाने., मंगळ.
सकाळी माझ्या कोरियन भाषेच्या क्लासवर तुषार टपकला. इव्हेंटवाला. आजवर लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं. आता म्हणे कोरिया. १८ ला गंगापूर रोडच्या लॉन्सवर 'कोरियन जत्रा'. "मॅडम, कल्चर तेवढं तुम्ही बघा, बाकी सगळं माझ्यावर सोडा." बाकी सगळं म्हणजे डीजे, धूर सोडायचं मशीन, जाळ नूडल्स खायची स्पर्धा आणि किमची मिसळ. किमची मिसळ! त्यांचा आंबवलेला कोबी आपल्या तर्रीत!
तरी हो म्हणाले. इमोंसाठी.
यापुढे इथे त्याला तु. म्हणणार. अख्खं नाव लिहायची त्याची लायकी नाही.

८ जाने., गुरु.
इमोंकडे गेले होते. हान मी-सुक त्यांचं नाव, पण मी इमोच म्हणते, मावशीला त्यांच्यात म्हणतात तसं. नवरा अंबडला कारखान्यात साहेब, ह्या दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या. नाशकात आल्यापासून कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय येतं. विचारतात ते एकच, कुत्रा खाता का. लिफ्टमध्ये. तोंडावर. दात काढून. शिसारी येते आपल्या लोकांची.
काय येतं? गाता येतं. आईकडून आलेली जुनी गाणी, भात लावतानाची, होडी वल्हवतानाची. मी साथीला जांग्गू वाजवते. डमरूचा आकार, पण पखवाजाएवढा. आज सरावात मध्येच थांबल्या. पोटात गाठ निघालीय म्हणाल्या. २४ ला निघणार, २९ ला तिकडे ऑपरेशन. भीती वाटते म्हणाल्या, सरळ.
"आई गेल्यापासून लोकांसमोर गायले नाही. तिथे टेबलावर झोपायच्या आधी एकदा गाऊन घेते."
गाल इमो. नक्की गाल.

११ जाने., रवि.
तु. नं बॅनर पाठवला. मागे चिनी ड्रॅगन, कोपऱ्यात जपानी पंखा, आणि मधोमध इमोंचं नाव, कोरियन अक्षरात, लालभडक! फोन केला आणि घसा फुटेस्तोवर ओरडले. अरे, जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरात लिहीत नाहीत त्यांच्यात! लाल नाव मेलेल्या माणसाचं! उद्या माझ्या फोटोला हार घालशील आणि म्हणशील डेकोरेशन!
तो म्हणे, "मॅडम, लाल उठून दिसतं."
उठून दिसतं म्हणे. काळं करायला लावलं. ड्रॅगन काढ म्हटलं तर, "तो राहू द्या ना, मुलांना आवडतो."
हानबोक, म्हणजे त्यांचा सणाचा पोशाख, म्हणून सुरतेहून चकचकीत गाऊन मागवलेत. हात लावला तर चटका बसावा असलं कापड. फोटो काढायला भाड्यानं देणार. आमच्या क्लासच्या पोरी आत्तापासून नंबर लावून बसल्यात. ह्यांना अक्षरं गिरवायचा कंटाळा. एकीला नवरा कोरियनच पाहिजे, फक्त तो व्हेज असावा.
दोन वर्षं तिकडे राहून भाषा शिकले ती ह्या उकिरड्यासाठी.

१४ जाने., बुध. संक्रांत.
तिळगूळ वळता वळता आईला इमोंचं सांगितलं. तिचे हात थांबले.
"एकटीच जाणार एवढ्या लांब?"
नाही गं, नवरा आहे बरोबर.
"आणि माहेरचं?"
बहीण आहे म्हटलं. मग जरा जीव खाली पडला तिचा. एकदाच भेटलीय ती इमोंना, दिवाळीत. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि तासभर गप्पा मारत होत्या.
थोड्या वेळानं म्हणाली, "जत्रेला मी रांगोळी घालणार दारात. तिच्या नावाची. त्यांच्याच अक्षरात. दे लिहून."
कॅलेंडरच्या पाठीमागे तीन अक्षरं मोठी काढून दिली. बोटानं गिरवली तिनं. "सोपंय की. काठ्या, चौकोन आणि एक गोल." क्लासच्या पोरींनी ह्या बाईचे पाय धुवून पाणी प्यावं.

१७ जाने., शनि.
रंगीत तालीम म्हणे. तु. ला इमो धुरातून यायला हव्यात, मागून लाल-निळे दिवे. मी म्हटलं त्या गाणार आहेत, भूत नाहीयेत. धूर त्यांच्या आधी बंद पाहिजे, सांगून ठेवते. "डन मॅडम." ह्याचं डन मला माहितीय.
वर विचारतो, "त्या नूडल्स स्पर्धेत बसतील का? ओरिजनल कोरियन म्हटल्यावर..." पुढचं ऐकलंच नाही मी. ऐकलं असतं तर हात उचलला असता.

१८ जाने., रवि. जत्रा.
आधी चांगलं लिहून घेते, नाहीतर राहून जाईल.
आई भल्या सकाळी पंचवटीच्या घरून रिक्षा करून लॉन्सवर आली, थंडीत, कानाला रुमाल बांधून. वाकून वाकून दारात रांगोळी घातली. पांढरी वेलबुट्टी, आणि मध्ये तीन अक्षरं कुंकवानं भरलेली. "रंग नाही घेतला मी. सवाष्ण बाई ऑपरेशनला चाललीय, कुंकवानंच भरलं." एक रेघ इकडची तिकडे नाही. मी फोटो काढला. खरं सांगायचं तर डोळे भरले. ह्या सगळ्या घाणीत एक गोष्ट तरी नीट, असं वाटलं.
बाकी: नूडल्सवाला एक दांडगा स्टेजच्या कडेलाच ओकला. लोकांनी व्हिडिओ काढले. मग तिथेच उभं राहून किमची मिसळ खाल्ली. चिमूटभर कोबी तर्रीत बुडवलेला, वर फरसाण. एक काका इमोंना म्हणाले, "मॅडम, सेल्फीत डोळे तेवढे उघडा." बायको खिदळली. थू.
इमो त्यांच्या आईचा हानबोक घालून आल्या होत्या, फिकट पिस्ता रंगाचा, खरा. दारात थांबल्या. रांगोळीकडे बघत राहिल्या. "कुणी काढलं?" मी मिरवत सांगितलं, माझ्या आईनं. आई पुढे झाली, त्यांना कुंकू लावलं. इमो कमरेत वाकल्या, अगदी खाली. मग घोळदार परकराची कड उचलून रांगोळीला लांबून वळसा घातला आणि आत गेल्या.
गायल्या नाहीत.
मी ठेका धरला. गाणं उचलायच्या जागी फिरून फिरून येतेय. त्या माईकपुढे उभ्या. तोंड उघडलं. मिटलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घसा बसलाय. माफ कर." उतरल्या. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, झालं. तु. नं डीजे लावलासुद्धा.
त्या धुरानं गेला त्यांचा घसा. एवढी एक गोष्ट मागितली होती बाईनं. त्या नालायकाला उद्या बघते.

१९ जाने., सोम.
बघितलं. म्हणजे त्यानंच मला दाखवलं.
फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तु. म्हणे, "मॅडम, धूर त्यांच्या पुष्कळ आधी बंद केला होता. तुम्हीच सांगितलेलं." मी अजून चढले. मग तोच म्हणाला,
"राग मानू नका, पण बॅनरवरून तुम्ही मला एवढं झाडलं. मग दारात लाल कसं चाललं? मी सकाळीच बघितलं होतं. म्हटलं तुमच्या आई आहेत, तुम्ही स्वतः फोटो काढताय. कुंकवाचं वेगळं असेल त्यांच्यात."
मी फोन कापला.
फोटो उघडून बघितला. लाल. बॅनरपेक्षा लाल. ऑपरेशनला निघालेल्या बाईचं नाव दारात, जमिनीवर, लाल.
मला लाल दिसलंच नाही. मला कुंकू दिसलं.

२० जाने., मंगळ.
क्लास घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.
अख्ख्या गावाला अक्कल शिकवत फिरले. ह्याला कळत नाही, त्याला कळत नाही. सगळ्यांची किळस येत होती ना मला? आज आरशात बघवेना. त्या सेल्फीवाल्या काकांनी निदान गाणं तरी थांबवलं नव्हतं.
आई विचारत होती, "तिचा घसा बरा आहे का गं? ज्येष्ठमध पाठवू?"

२२ जाने., गुरु.
इमोंकडे. सगळीकडे उघड्या बॅगा. आईनं तिळगूळ दिला होता आणि घरच्या कुंकवाची पुडी. तिळगूळ दिला. पुडी पर्समध्येच राहिली. राहिली काय, मीच ठेवली.
बोलून टाकलं सगळं. रडले. त्यांनीच मला चहा करून दिला, मेले मी लाजेनं.
"मला माहीत होतं ते कुंकू आहे," म्हणाल्या. "कामाच्या बाई रोज लावून येतात. चांगलं असतं, नवऱ्यासाठी असतं, सगळं माहितीय. मनाला समजावत होते स्टेजवर. पण नाव माझं होतं ना गं."
मग माझा हात धरून, "तुझ्या आईला सांगू नकोस. तिनं मायेनं केलं. शपथ घे."
घेतली. आत्ता गाल का विचारलं, दार लावून, आपण दोघीच. हसल्या. "परत आले तर गाईन."
'तर' म्हणाल्या. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाही झाली.
घरी आल्यावर आई, "पुडी दिलीस ना?" दिली म्हटलं.

२४ जाने., शनि.
गेल्या. पहाटेच निघाल्या गाडीनं मुंबईला. जाताना मेसेज: आईला नमस्कार सांग. सांगितला. आईनं हात जोडले.

२७ जाने., मंगळ.
तु. नं रील टाकलंय. इमो माईकपुढे तोंड उघडतात, मिटतात, मागे कसलंतरी ढिंच्याक संगीत, वर अक्षरं: 'कोरियन मावशी लाजली'. खाली हसणाऱ्या तोंडांचा खच. काढ म्हणून फोन करायला घेतला आणि नंबर दाबवेना. कुठल्या तोंडानं? शेवटी केला. निमूट काढलं त्यानं. वर म्हणाला, "मावशींची तब्येत कशी आहे?" हे फार झोंबलं.
देवळ्याच्या एका कॉलेजातून विचारणा आलीय, आमच्याकडेही कोरिया करा म्हणून. उत्तर दिलेलं नाही.

२९ जाने., गुरु.
आज ऑपरेशन. तिकडचं घड्याळ आपल्या पुढे, म्हणजे नेलंही असेल आत.
आई केव्हाच आंघोळ करून देवापुढे बसलीय. समई लावली. मला हाक मारली, "ते कॅलेंडरचं पान सापडत नाही गं." कसं सापडेल, मी फाडून टाकलंय. "दुसरं दे लिहून. तू नुसत्या रेघा काढ, भरते मी. फोन येईपर्यंत उठणार नाही इथून."
पाटावर कोरा कागद, शेजारी कुंकवाचा करंडा, उघडा.
निळ्या पेनानं लिहिलं नाव. तिनं चिमूट उचलली. मी हात धरला तिचा.
आज कुंकू नको आई.
"का?"
हळदीनं भर ना.
"हळदीनं? कुंकू का नको?" ती माझ्याकडे बघत राहिली. चिमटीतलं कुंकू तसंच. मग एकदम हळू आवाजात, "त्या दिवशी दारात माझं काही चुकलं का गं?"
पाणी पिऊन येते म्हणून आत आले. उभ्या उभ्या हे लिहितेय. शपथ घेतलीय मी. आणि ती पाटासमोर बसलीय, नावावर हात धरून.
इमोंच्या नवऱ्याचा फोन अजून नाही. आई परत हाक मारतेय.